हवेला शून्य मार्क

दहावीच्या विज्ञानात मुक्त पतनाचे एक साधे समीकरण असते. वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्वत्वरणाची दुप्पट गुणिले उंची. एखाद्या चुणचुणीत मुलीने ते पावसाला लावून पाहिले तर? दोन किलोमीटरवरच्या ढगातून निघालेला थेंब तिच्या वहीत जमिनीवर पोचतो तो सेकंदाला सुमारे २०० मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरहून अधिक वेगाने. प्रवासी विमानाच्या जवळपासचा हा वेग. असा पाऊस खरेच पडला तर छत्री सोडा, घरावरची कौलेही टिकायची नाहीत आणि भाताच्या खाचरात एक रोप उभे राहायचे नाही. गणितात चूक काहीच नाही, परीक्षेत पूर्ण मार्क मिळतील. प्रत्यक्षात मात्र वळवाचा टपोऱ्यातला टपोरा थेंबही ताशी ३२-३३ किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही, आणि अगदी बारीक भुरभुरीचा थेंब तर माणसाच्या चालीपेक्षाही हळू उतरतो.

ही सगळी तफावत हवेने केलेली असते. आणि ती हवा गणिताच्या पहिल्याच ओळीत बाद झालेली असते: हवेचा रोध नगण्य माना.

ही ओळ वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. उलट, विज्ञानाच्या इतिहासातल्या सर्वांत फलदायी गृहीतकांपैकी ते एक आहे. तक्रार आहे ती ते शिकवण्याच्या रीतीबद्दल. हवा वगळणे हा विचार करून घ्यायचा निर्णय असतो. शाळेत तो निर्णय राहत नाही, प्रश्नपत्रिकेतली ठरावीक ओळ होतो. हवा कुठे वगळली तर चालते आणि कुठे वगळली तर उत्तर वीसपटीने चुकते, हे मुलांना कोणी विचारतच नाही. पडत्या वस्तूचा वेग एका मर्यादेनंतर वाढायचा थांबतो, त्या 'अंतिम वेगा'ची ओळख होते ती थेट अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात, तीही बहुधा काचेच्या नळीतल्या ग्लिसरीनमध्ये सोडलेल्या छऱ्यांच्या रूपाने. दहावीनंतर कला किंवा वाणिज्य शाखेला गेलेल्यांचा आणि या छऱ्यांचा संबंधच येत नाही. राज्यातली लाखो मुले शाळेतून बाहेर पडतात ती वातावरण नसलेल्या पृथ्वीचे भौतिकशास्त्र शिकून.

गॅलिलिओच्या नावावर खपणाऱ्या गोष्टींनीही यात भर घातली. पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून त्याने दोन गोळे टाकले, ही कथा त्याचा शिष्य विव्हियानी याने लिहिलेल्या चरित्रातून आली, आणि ती घडली याची इतिहासकारांना खात्री नाही. डच गणिती सायमन स्टेव्हिनने मात्र एकाहून दुसरा दहापट जड असे शिशाचे दोन गोळे सुमारे तीस फुटांवरून फळीवर टाकले आणि दोन्हींचा आवाज एकदमच आला, अशी नोंद १५८६ मध्ये छापून ठेवली. खुद्द गॅलिलिओ १६३८ च्या ग्रंथात काय म्हणतो? शंभर हात उंचीवरून जड आणि हलका गोळा सोडला तर जड गोळा दोन बोटे पुढे राहील, असे तो मोकळेपणाने मान्य करतो. त्याचे म्हणणे एवढेच, की ॲरिस्टॉटलने सांगितलेल्या प्रचंड फरकापुढे ही दोन बोटे किरकोळ आहेत. वेग वाढत जाईल तसा माध्यमाचा विरोध वाढतो आणि अखेर वेग स्थिरावतो, हेही त्याने लिहून ठेवले आहे. पाठ्यपुस्तकांनी त्याचा निष्कर्ष उचलला, पण ही दोन बोटे वाटेत गाळली.

बिचाऱ्या ॲरिस्टॉटललाही जरा न्याय मिळायला हवा. 'जड वस्तू आधी पडते' हे त्याचे विधान आज विनोदासारखे सांगितले जाते. पण कार्लो रोवेल्ली या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने २०१५ मध्ये एका लेखात दाखवले, की हवा-पाण्यासारख्या माध्यमातून बराच वेळ पडत राहिलेल्या वस्तूंसाठी ॲरिस्टॉटलचे वर्णन बऱ्यापैकी बरोबर आहे. सारख्याच आकाराची जड वस्तू खरेच जास्त वेगाने पडते. टेबल टेनिसचा चेंडू आणि तेवढीच लोखंडी गोळी चौथ्या मजल्यावरून सोडा. जिंकेल ती लोखंडी गोळी, आणि तीही बोटाच्या नव्हे, मजल्याच्या फरकाने.

हवा अशी वगळली जाते, तिथेच खरे नुकसान होते. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अपोलो १५ चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचे पीस सोडले. दोन्ही एकाच क्षणी धुळीत टेकले. ती चित्रफीत आज कुठल्याही वर्गात मोबाइलवर दाखवता येते, आणि दाखवावीच. पण ती पाहून घरी गेलेला मुलगा गॅलरीतून कबुतराचे पीस आणि खडा सोडतो, तेव्हा पीस गिरक्या घेत शेजारच्या सज्जावर जाऊन बसते. त्याला या दोन दृश्यांमधला दुवा कोणी दिलेला नसेल, तर तो स्वतःच एक निष्कर्ष काढतो: पुस्तकातले खरे परीक्षेपुरते, डोळ्यांनी दिसते ते घरी. विज्ञानावरचा विश्वास उडायला याहून सोपा रस्ता नाही.

न्यूटनला हा दुवा फार महत्त्वाचा वाटत होता. त्याच्या 'प्रिन्सिपिया'चे दुसरे पुस्तक बहुतांशी माध्यमाच्या रोधावर आहे, आणि ते फारसे कोणी उघडत नाही. १७१० च्या जूनमध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटाखाली २२० फुटांवरून काचेचे गोळे सोडण्यात आले. काही लहान, पाऱ्याने भरलेले, तर काही मोठे, आत नुसती हवा. हवा नसती तर दोन्हींना पावणेचार सेकंद लागले असते. पाऱ्याच्या गोळ्यांना सुमारे चार लागले, पोकळ गोळ्यांना आठ ते साडेआठ. नऊ वर्षांनी देसाग्युलिए नावाच्या प्रयोगकर्त्याने त्याच वास्तूत आणखी वर, २७२ फुटांवर जाऊन डुकराची मूत्राशये फुगवून, वाळवून, गोल करून खाली सोडली. सोबतीला शिशाचे गोळे. शिसे सव्वाचार सेकंदांत खाली आले, मूत्राशयांना १७ ते २२ सेकंद लागले. त्यातले एक सुरकुतलेले होते, म्हणून ते जरा रेंगाळले, अशी नोंद न्यूटनने केली आहे. प्रयोग म्हणजे काय, हे शिकवायला ही सुरकुती फार चांगली आहे.

न्यूटनचा तर्क सातवीच्या मुलालाही कळेल असा आहे. दुप्पट वेगाने जाणारी वस्तू दर सेकंदाला दुप्पट हवा बाजूला सारते, आणि त्या हवेला देते तो धक्काही दुप्पट वेगाचा असतो. दुप्पट गुणिले दुप्पट, म्हणजे रोध चौपट. वस्तूचे वजन मात्र तेवढेच राहते. त्यामुळे पडता पडता एक क्षण असा येतो की रोध आणि वजन बरोबरीत येतात. तिथून पुढे वेग वाढत नाही. पोटावर आडवा होऊन पडणाऱ्या स्कायडायव्हरसाठी हा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असतो, आणि पहिल्या अर्ध्या किलोमीटरच्या आतबाहेर तो गाठला जातो. बॅडमिंटनच्या शटलसाठी तो सेकंदाला जेमतेम सात मीटर. २०२३ मध्ये जपानमधल्या चाचणीत सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशची नोंद ताशी ५६५ किलोमीटर झाली. तरी जोरात मारलेले शटलही कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत आपला बहुतेक वेग हरवून बसते, ते याच चौपटीच्या हिशेबामुळे.

मग हवा केव्हा वगळावी? लहान अंतर आणि घट्ट, जड वस्तू असेल तर खुशाल. वीस मीटर उंच माडावरून सुटलेला नारळ सूत्रानुसार ताशी ७१ किलोमीटरने खाली येतो. हवेचा हिशेब धरला तर त्यातले चार-पाच किलोमीटर कमी होतात. डोके फुटायचे ते फुटतेच. दहीहंडीच्या दहा मीटरवरून निसटलेला गोविंदा ताशी ५० किलोमीटरने खाली येतो, आणि हवा त्याच्या वेगातला एक किलोमीटरही कमी करत नाही. दुचाकीने ताशी पन्नासच्या वेगात भिंतीवर आदळावे, तेवढा हा आघात. 'हवेचा रोध नगण्य माना' हे वाक्य कुठे सर्वांत खरे असेल तर ते इथे, आणि नेमके इथेच ते कोणाला आठवत नाही. थरांच्या उंचीवर दरवर्षी वाद होतात, त्यात हा आकडा क्वचितच ऐकू येतो.

वस्तू लहान होत जाते तसा मामला उलटतो. लांबी-रुंदी दहापट कमी केली तर पृष्ठभाग शंभरपट कमी होतो, वजन हजारपट. म्हणून लहान जिवाच्या वजनाच्या मानाने हवेची पकड मोठी. जे. बी. एस. हॉल्डेन या जीवशास्त्रज्ञाने १९२६ च्या एका निबंधात खाणीच्या खोल विहिरीत उंदीर पडला तर काय आणि घोडा पडला तर काय, याचा हिशेब मांडला होता. उंदीर अंग झटकून चालू लागतो, घोड्याचे वर्णन न केलेले बरे. हेच हॉल्डेन पुढे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आपल्या शालेय पुस्तकांत त्यांच्या त्या निबंधाला जागा मिळायला काहीच हरकत नव्हती.

गारपिटीच्या बातम्या या दृष्टीने वाचून पाहाव्यात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात गारांनी गहू, हरभरा, द्राक्षबागा झोडपून काढल्या, तेव्हा बातमीत गारा कुठे बोराएवढ्या होत्या, कुठे लिंबाएवढ्या. वाचताना वाटते, थोड्या मोठ्या, एवढेच. बोर दोन सेंटीमीटरचे धरले आणि लिंबू चार, तर वजन आठपट होते. हवा नसती तर आघाताची ऊर्जाही आठपटच वाढली असती, कारण दोन्ही गारा सारख्याच वेगाने पडल्या असत्या. पण हवेमुळे लहान गार जास्त अडवली जाते आणि मोठी कमी. मोठीचा अंतिम वेग सुमारे दीडपट होतो, वेगाचा वर्ग दुप्पट, आणि आघात आठऐवजी सोळापट. बोराएवढ्या गारेने पान फाटते. लिंबाएवढीने फांदी मोडते, मेंढी मरते. पंचनामा करणाऱ्याने, विम्याचा अर्ज भरणाऱ्याने आणि जाळीचा दर्जा ठरवणाऱ्यानेही गारेचा व्यास मोजून लिहून ठेवावा, तो एवढ्यासाठी. पट्टी शेजारी ठेवून काढलेला एक फोटोसुद्धा पुरतो.

आता आणखी लहान व्हावे. वीस मायक्रॉनचा ढगातला थेंब सेकंदाला जेमतेम एक सेंटीमीटर पडतो. एक किलोमीटर उतरायला त्याला जवळजवळ दिवस लागेल, आणि वर चढणारी हवेची हलकीशी झुळूकही त्याला थोपवते. ढग आकाशात 'टिकतात' ते असे. या सूक्ष्म थेंबांच्या राज्यात न्यूटनचा चौपटीचा नियम चालत नाही. इथे हवा एखाद्या दाट द्रवासारखी वागते आणि १८५१ चा स्टोक्सचा नियम लागू होतो: व्यास दहापट कमी, तर पडण्याचा वेग शंभरपट कमी. मिलिकनने इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला तो हवेत तरंगत उतरणाऱ्या तेलाच्या थेंबांचा हाच संथ वेग पाहून. त्याला नोबेल मिळवून देणारा तो प्रयोग निर्वातात जमलाच नसता.

आणि याच राज्यातल्या एका चुकीने सगळ्या जगाला फटका दिला. २०२० च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ठासून सांगितले, की कोविड हवेतून पसरत नाही. संसर्ग होतो तो पाच मायक्रॉनहून मोठ्या तुषारांतून, आणि ते मीटरभरात खाली पडतात. स्टोक्सचा नियम माहीत असलेल्या कोणालाही इथे थांबून आकडेमोड करता आली असती. शंभर मायक्रॉनचा तुषार तोंडाच्या उंचीवरून सहाएक सेकंदांत जमिनीवर येतो, हे खरे. पाच मायक्रॉनच्या थेंबाला तेवढ्याच अंतरासाठी अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, तोही हवा अगदी निश्चल असेल तर. संशोधक विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्येच ही सीमारेषा शंभर मायक्रॉनच्या आसपास असल्याचे दाखवले होते. पाच मायक्रॉनचा आकडा आला होता फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणाऱ्या क्षयाच्या कणांच्या अभ्यासातून. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे कुठेतरी एकमेकांत मिसळली आणि तीच पाठ्यपुस्तकांत बसली.

जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने याविरुद्ध लिहिले. तोवर इकडे किराणा दुकानांसमोर चुन्याची वर्तुळे आखली गेली होती, दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या जात होत्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडत होती, आणि खिडक्या मात्र बंद होत्या. हवा खेळती ठेवा, हा सल्ला केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने ठळकपणे दिला तो मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेने स्मशाने भरल्यावर. पाच मायक्रॉनची ती रेषा जागतिक आरोग्य संघटनेने अधिकृतपणे पुसायला २०२४ उजाडले. थेंब किती वेळात पडतो, हा प्रश्न केवळ परीक्षेचा नाही, हे सांगायला याहून महागडे उदाहरण नको.

याचाच भाऊ म्हणजे बांधकामाची धूळ. मुंबई-पुण्यात इमारतींभोवती पत्रे आणि हिरवे कापड लावले की काम झाले असे मानले जाते. जाड धूळ त्याने अडते, कारण ती तशीही जवळच पडणार असते. अडीच मायक्रॉनचा कण तासाला मीटर-दोन मीटर उतरतो, आणि वारा त्याला तोवर शेजारच्या वॉर्डात नेतो.

अर्धवट माहिती उलट बाजूनेही घात करते. 'हवा वेग कमी करते' एवढेच लक्षात ठेवून लग्नाच्या वरातीत आकाशाकडे गोळ्या झाडणारे आहेतच. अमेरिकी लष्करी अधिकारी ज्युलियन हॅचर यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या चाचण्यांत सरळ वर झाडलेली रायफलची गोळी परतताना सेकंदाला सुमारे ९० मीटरवर आल्याचे दिसले. नळीतून सुटतानाच्या वेगापेक्षा हे खूपच कमी, पण कवटीला पुरेसे. तिरकी झाडलेली गोळी तर याहून जास्त वेग राखते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा 'आनंदा'च्या गोळीबाराला शस्त्र कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.

शिक्षकांचे उत्तर ठरलेले असते: पोर्शन आधीच संपत नाही, त्यात हे कुठे बसवायचे? शिवाय रोध धरला की गणित अवघड होते. दुसरा आक्षेप खरा आहे, पण गणित न करताही प्रश्न विचारता येतो. नारळ, पावसाचा थेंब, गोविंदा, रुईची म्हातारी, क्रिकेटचा चेंडू अशी यादी द्यावी आणि विचारावे: यांतल्या कोणासाठी हवा वगळता येईल, आणि का? चंद्रयान-३ च्या विक्रम लँडरला पॅराशूट का नव्हते आणि गगनयानच्या कुपीला दहा का लागतात? याला दोन मार्क ठेवले तरी पुढच्या वर्षीपासून गाइडवाले हवेवर एक पान छापतील. आपल्याकडे अभ्यासक्रम बदलण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे.

आणि पहिल्या आक्षेपाला उत्तर म्हणजे किराणा दुकानातले पातळ कागदी द्रोण. ते एकमेकांत नेमके बसतात, म्हणजे चार द्रोण एकात एक घातले की वजन चौपट होते आणि आकार जवळजवळ तोच राहतो. रोध वेगाच्या वर्गाने वाढत असेल, तर चार द्रोणांचा अंतिम वेग एकाच्या दुप्पट हवा. वारा नसलेल्या जिन्याच्या पोकळीत दुसऱ्या मजल्यावरून एक द्रोण आणि चौथ्या मजल्यावरून चार द्रोणांची चळत एकाच वेळी, बूड खाली ठेवून सोडायची. खाली उभ्या असलेल्या मुलांना दोन्ही जवळजवळ एकदम पोचताना दिसायला हवेत. अंतर दुप्पट, वेळ तोच. खर्च वीस-पंचवीस रुपये, वेळ एक तास. एखाद्या द्रोणाची कड दुमडलेली असली की तो डुलतो, भिंतीला घासतो आणि मागे राहतो. तो मोजणीत धरायचा की नाही, यावर वर्गात भांडण होईल. ते होऊ द्यावे.